बाहेरच्या खोलीतली खुर्ची

इंदापुरात एका शिक्षकाच्या घरी रविवारी दुपारी काही पुरुष जमत. शेजाऱ्यांना वाटे, पत्ते खेळतात. स्टुलावर पत्त्यांचा जोड उघडून ठेवलेला असे आणि दार वाजलं की कोणीतरी तो हातात घेई. एरवी कोणी खेळत नसे. ते पुरुषांवर प्रेम करणारे पुरुष होते. इतक्या सरळ वाक्यात ही गोष्ट त्या घरातही कोणी उच्चारली नाही. 'आपल्यातला' एवढा शब्द पुरत असे.

घर दोन खोल्यांचं होतं. बाहेरच्या खोलीत लोखंडी घडीच्या खुर्च्या आणि एक दिवाण. आत स्वयंपाकघर. मधे दार नव्हतं, फुलाफुलांचा पडदा होता.

नवा माणूस आला की त्याला 'दाखवण्याचा' कार्यक्रम होई. जमणाऱ्यांपैकी बहुतेकांची लग्नं झालेली होती. प्रत्येकानं कधी ना कधी दहा-पंधरा नातेवाइकांसोबत एखाद्या अनोळखी घरी बसून पोहे खाल्ले होते आणि समोर मान खाली घालून बसलेल्या मुलीला शिक्षण, स्वयंपाक आणि आवड विचारली होती. त्यांना मुलगी नको होती, पण प्रश्न पाठ झाले होते. तेच प्रश्न ते इथं नव्या माणसाला विचारत. सगळी नक्कल होती, त्यामुळे हसायचं असे. निकाल मात्र खरा असे.

मला तिथं नेलं तेव्हा नव्वदचं दशक अर्धं सरलं होतं. मी बारामतीत एका दैनिकाच्या तालुका कार्यालयात काम करत होतो. बातम्यांचं पाकीट दुपारच्या एसटीनं पुण्याला रवाना करणं, कारखान्यांच्या सभा, रस्त्यांची उद्घाटनं, असं काम. गाव कोऱ्हाळे बुद्रुक. वडील साखर कारखान्यात वर्कशॉपला, आई आरोग्य केंद्रात नर्स.

माझी छाती मऊ होती. वयात येताना आली आणि राहिली. मी जाड नव्हतो. बाकी अंग बेताचं आणि छाती तेवढी वेगळी, त्यामुळे ती जास्त दिसे. शर्टाच्या आत उन्हाळ्यातही जाड बनियन घालायचो. शिंप्याला सांगायचो, सैल ठेवा. उभं राहताना खांदे पुढे घेण्याची सवय लागली, आणि कार्यालयात ती कामाच्या ओझ्याची खूण समजली जाई. शाळेत पोरांनी मला जे म्हणायचं ते म्हणून झालं होतं.

आमच्या कार्यालयाला फोटो पुरवणाऱ्या माणसाचा बारामतीत स्टुडिओ होता. माझ्यापेक्षा थोडा मोठा, मोजकं बोलणारा. एका जत्रेतल्या कुस्त्यांचे फोटो त्यानं टेबलावर पसरले आणि मी एक निवडला.

"हा हरलेला पैलवान हाय," तो म्हणाला. "लंगोट बांधतोय नुसता. जिंकल्याचा घ्या की."

"हा स्पष्ट आलाय."

"व्हय, स्पष्ट तर आलायच." तो फोटोकडे नाही, माझ्याकडे बघत होता. "सायेब, सगळा पेपर तुमच्या डोळ्यानं निघाला तर लई खपंल."

काही दिवसांनी त्यानं विचारलं, "रविवारी इंदापूरला येता का? पोहे खायला."

"कुणाकडं?"

"आपल्यातल्या एकाकडं."

"आपल्यातल्या म्हणजे?"

"आता मला बोलायला लावू नका."

मी गेलो. मला त्याच्या शेजारी बसायचं होतं. इतकी साधी इच्छा होती आणि पुढची दोन-तीन वर्षं ती तशीच राहिली.

बसमध्ये मी एका प्रश्नाची तयारी करत होतो. आमच्या भागात नवा माणूस घरात आला की आधी आडनाव विचारतात. आडनावावरून कळलं नाही तर गाव, आणि गावात कुठं. आजोबांनी छप्पन्न साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, आणि आमच्या घरात या प्रश्नाचं उत्तर मान वर करून द्यायचं हे लहानपणी शिकवलेलं होतं. भवानीनगर मागे पडलं तेव्हा माझी वाक्यं तयार होती.

तो प्रश्न आलाच नाही. शिक्षकांना सगळे गुरुजी म्हणत. मी आडनाव सांगायला लागलो तसा त्यांनी हात वर केला.

"ऱ्हाऊ द्या. हितं आडनाव चालत न्हाय. आपल्यात जात न्हाय."

हे ते अभिमानानं म्हणाले आणि त्यांच्यापुरतं ते खरं होतं. माझ्या अंगातला ताठरपणा एकदम गेला. आपण घरी आलो असं वाटलं. त्याच सुटलेपणात माझ्या हातून पुढची गोष्ट झाली.

पडदा बाजूला करून एक म्हातारा माणूस पोह्यांच्या बशांनी भरलेला ट्रे घेऊन आला. त्याचे हात कापत होते. मी उठलो, ट्रे त्याच्या हातातून घेतला आणि सगळ्यांना बशा दिल्या. आमच्या घरी आईची ड्यूटी असे, तेव्हा आल्यागेल्याला चहापाणी वडील देत, मी देत असे. त्यात काही विशेष आहे हे मला माहीत नव्हतं.

खोलीत हशा पिकला. मुलगी पाहण्याच्या कार्यक्रमात ट्रे कोण आणतं हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. माझ्या ध्यानात आलं नाही.

"ठरलं की मग!" कोपऱ्यातल्या खुर्चीवरचा आडव्या अंगाचा माणूस म्हणाला. तो एकेकाळी आखाड्यात उतरलेला होता, आता त्याचे दोन ट्रॅक्टर ऊस वाहत. त्याला सगळे पैलवान म्हणत. "बस बाई बस. शिक्शान किती?"

"बीए."

"स्वैपाक येतो का?"

"भात येतो."

"भात तर माझ्या म्हशीला बी येतो. चालून दाखव जरा. पाय लंगडा न्हाय ना?"

मी पडद्यापर्यंत चालून आलो. हसतच होतो. फोटोवालाही हसत होता, आणि मी चाललो ते त्याच्यासाठी.

"उकडतंय किती," गुरुजी म्हणाले. सगळे बनियनवर बसले होते. "शर्ट काढून बसा की."

"असू दे."

"लाजली," पैलवान म्हणाला. त्यानं हात लांब करून माझ्या छातीला चिमटा काढला आणि थांबला. "आरं तिच्या! हिला वरचं सामान देवानं घरपोच दिलंय."

आता हशा जास्त मोठा होता. फोटोवाला खाली बशीत बघत होता. गुरुजींनी डोळे पुसले आणि मायेनं म्हणाले, "जा बाळ, आत जा. मावशीला मदत कर."

त्या दिवशी मी निष्कर्ष काढला की माझी जागा छातीनं ठरवली. ट्रे माझ्या डोक्यातही आला नाही. घटना कोणत्या क्रमानं घडल्या हे लावता येणं हा माझ्या कामाचा पाया होता. मी क्रम चुकीचा लावला. 'ठरलं' हा शब्द छातीच्या आधी उच्चारला गेला होता.

मावशी म्हणजे तो ट्रेवाला म्हातारा. एका पतसंस्थेत कारकून होते, निवृत्तीला आलेले. बायको वारलेली, घरात मुलगा आणि सून. बाहेर धोतर, टोपी, कपाळाला बुक्का. पडद्याच्या आत आले की टोपी खुंटीला आणि बोलणं बाईचं. त्यांनी मला पहिल्या दिवशीच सगळं समजावून सांगितलं.

"हितं दोन जागा. भायेरची आन् आतली. भायेरचे निवडत्यात. आतल्यांनी निवडायचं नसतं."

"मी आतला नाही, मावशी."

"मंग भायेर बस जा की. बसू देत्यात का बग." त्यांनी स्टोव्हला पंप मारला. "ह्यो कप पैलवानाचा. बिनसाखरंचा. त्यांला शुगर हाय. पर कुटं बोलायचं न्हाय बरं का. मर्दाला कधी शुगर असती?"

"आणि ट्रॅक्टर ऊस वाहतात."

"तेच तर! जन्मभर साकर वाहिली, आन् आता जिबंला लावायची चोरी." आम्ही दोघं तोंडावर हात ठेवून हसलो.

मी जात राहिलो. कारण सांगायचं तर दुसरीकडे कुठंच जागा नव्हती. बारामतीत कार्यालय होतं, कोऱ्हाळ्यात घर होतं, आणि दोन्ही ठिकाणी मी खांदे पुढे घेऊन उभा असे. इंदापुरात पडद्याच्या आत तरी हसता येई. मला तिथं एक बाईचं नाव मिळालं. बाहेरून ते नाव हाकारलं की मी चहा घेऊन जाई. ते नाव मावशीला त्यांचं नाव शोभत होतं तसं मला कधी शोभलं नाही. मावशी त्या नावात राहत होते. मी त्याला ओ देत होतो.

मला बाई व्हायचं नव्हतं आणि पैलवानासारखंही व्हायचं नव्हतं. असं कोणी असू शकतं हे त्या घरात बसत नव्हतं. ज्या घराला जात चालत नव्हती, त्याला ही आत-बाहेरची वाटणी चालत होती.

फोटोवाला आणि मी बारामतीला एकाच बसनं परतत असू. बसमध्ये तो माझ्या शेजारी बसे. तिथं आम्ही दोन नोकरदार माणसं असायचो, पावसाबद्दल, पेपरबद्दल बोलायचो. एकदा निमगाव केतकीला बस बराच वेळ थांबली. विड्याच्या पानांच्या टोपल्या टपावर चढत होत्या. मी त्याला विचारलं, खोलीत तू माझ्याशी बोलत का नाहीस.

"काय बोलू?" तो खिडकीबाहेर बघत म्हणाला. "तुम्ही आत."

"मला आत घातलंय."

"कसं का असंना. मला आतली नको. मला माणूस पायजे. गडी. तुम्ही भायेर असता तर गोष्ट वेगळी हुती."

हे तो तुच्छतेनं बोलला नाही. हळहळून बोलला. मला ते आश्वासन वाटलं.

बारामतीत तेव्हा आरशांची नवी जिम निघाली होती. तिथला शिकवणारा म्हणाला, "चेस्ट मार, साहेब. महिन्यात फरक." मी वजनं उचलली. खालचा स्नायू वाढला आणि त्यानं वरचं मांस आणखी पुढे ढकललं. आरशासमोर उभे असलेले गडी एकमेकांच्या दंडांची स्तुती करत. त्यांचं बघणं आणि इंदापूरच्या खोलीतलं बघणं यांत मला फरक दिसला नाही. जिममध्ये त्याला व्यायाम म्हणत.

बारामतीतल्या डॉक्टरांनी बोटांनी दाबून पाहिलं. "लग्न झालंय?"

"नाही."

"करून टाका. होईल कमी."

पुण्यात एका सर्जननं नीट सांगितलं. आत ग्रंथी वाढलेली आहे, व्यायामानं जाणार नाही, अपाय काही नाही, कापून काढता येते. खरंच काढायची आहे का, असंही त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो. घरी सांगितलं, गाठ आहे. परत आल्यावर पट्ट्या बदलायला आईच होती. नर्सला गाठ आणि ग्रंथी यांतला फरक सांगावा लागत नाही.

"दुखत हुतं का?" तिनं कापूस लावताना विचारलं.

"नाही."

"मग कशापायी?"

 तिनं पट्टी चिकटवली आणि शर्टाची बटणं स्वतः लावून दिली. लहान असताना लावायची तशी, खालून वर.

टाके सुकल्यावर मी इंदापूरला गेलो. अंगात पातळ बनियन, त्यावर अंगाबरोबरचा नवा शर्ट. आत न जाता फोटोवाल्याच्या शेजारची रिकामी खुर्ची ओढली आणि बसलो. पैलवान बोलता बोलता थांबला.

"काय गं, आज पाय दुखत्यात का?"

मी शर्ट काढला, बनियन काढलं. खोलीतल्या सगळ्यांनी बघितलं. गुरुजींनी चष्मा लावला आणि जवळ येऊन व्रण पाहिले. वही तपासताना ते असेच वाकत असावेत.

"आपरेशन केलं?"

"हो."

"मस्त काम केलंय डाक्टरनं," पैलवान म्हणाला. त्याच्या आवाजात कौतुक होतं. "कळतबी न्हाय." मग तो मागे टेकला. "बरं, जा आता. चहा बघ."

मी म्हणालो, "मी इथं बसणार आहे."

कोणी रागावलं नाही. त्यांना खरोखरच कळलं नव्हतं. गुरुजी समजुतीच्या सुरात म्हणाले, "आरं बाळा, छातीचा काय संबंध? पहिल्या दिवशी तूच उठून ट्रे घेतलास. आमी कुणी सांगितलं का? आमाला वाटलं, पोर स्वतःहून सांगतंय. बरं झालं, इचारायची पाळी आली न्हाय."

"मावशींचे हात कापत होते म्हणून घेतला."

"हात कापत्यात म्हणून गडी ट्रे घेतो का कुटं?" पैलवानानं विचारलं. तो चेष्टा करत नव्हता. त्याला उत्तर हवं होतं.

मी फोटोवाल्याकडे वळलो. "तू म्हणाला होतास, बाहेर असतो तर."

"मी छातीचं कधी बोललो?" तो हळू आवाजात म्हणाला. त्याची खुर्ची त्यानं वीतभर बाजूला घेतली. "इतकी वर्षं तुमच्या हातचा चहा प्यालो. आता कसं बघू?"

त्या वेळी पडदा हलला. मावशी ट्रे घेऊन उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. प्रत्येकाला कप देत ते माझ्यापर्यंत आले, माझ्या उघड्या अंगाकडे पाहिलं आणि पुढे गेले. ट्रेमध्ये एक कप उरला. तो त्यांनी परत आत नेला.

मी शर्ट घातला आणि निघालो. एसटी स्टँडवर मावशी मागून आले. टोपी घातलेली, बुक्का लावलेला, बाहेरचे कारकून. धाप लागली होती.

"मला कप दिला नाहीत," मी म्हणालो.

"कुटं द्यायचा? भायेर दिला तर पैलवान हसंल. आत तू आला न्हाईस." ते बाकावर बसले. आजूबाजूला माणसं होती, म्हणून आवाज पुरुषाचा ठेवला होता, शब्द मात्र आतले होते. "कापून टाकलंस."

"माझी होती, मावशी. मला नको होती."

"व्हय, तुजीच हुती." ते गाड्यांकडे बघत म्हणाले, "मी बारा-तेरा वर्साची आसल्यापासनं देवाकडं तेवडंच मागितलं. मला म्हातारपणी शुगर न् मोतीबिंदू दिलं. तुला न मागता दिलं, आन् तू डाक्टरच्या बादलीत टाकून आलीस. तवा मला काय वाटलं असंल?"

 माझ्या त्या भागाचा हेवा करणारं कोणी असेल, ही शक्यता कधी मनात आली नव्हती. चहा करताना ते कधीकधी माझ्याकडे टक लावून बघत. मला वाटे, त्यांना कीव येते.

"पुढच्या रविवारी येऊ?" मी विचारलं.

"नगं येऊ." त्यांनी टोपी सरळ केली. "आत तुजं मन न्हाय, भायेर जागा न्हाय. उंबऱ्यात किती दिस हुबी ऱ्हाशील? येनाऱ्या-जानाऱ्याच्या पायात येशील नुसती."

बारामतीची गाडी लागली. ते उठले नाहीत, मीही निरोप घेतला नाही.

फोटोवाला पुढेही कार्यालयात येत राहिला. फोटो टेबलावर ठेवायचा, मी निवडायचो. जिंकलेल्यांचेच निवडू लागलो. काही महिन्यांनी त्यानं मला दुसऱ्या एका पोराबद्दल विचारलं, तो कन्हेरीचा, तुमच्याकडं जाहिरातीला आहे तो, आपल्यातला वाटतो का. मी म्हणालो, मला कळत नाही.

त्या उन्हाळ्यात गावी विहिरीवर मोटर बसवायची होती. चुलते, त्यांची मुलं, वायरमन, सगळे उघड्या अंगानं काम करत होते. मीही शर्ट काढला आणि पाण्यात उतरलो. कोणी वळून बघितलं नाही. वर आल्यावर चुलत्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. ती थाप त्यांनी याआधी फक्त त्यांच्या मुलांना मारलेली मी पाहिली होती.

"तब्येत सुधारली की रं," ते म्हणाले. "आता गडी दिसाय लागलास. तुज्या आईला सांगतो, पोरगी बगायला सुरवात करा."

सगळ्यांनी हसून माना डोलावल्या. वायरमननं बाजूला सरकून मला त्याच्या शेजारी दगडावर जागा करून दिली. मी बसलो.